पाहुण्यांना समारंभाचे स्वरूप स्पॅनिशमध्ये कसे सांगावे?

प्रश्न : आमच्या फौंड्रीत स्पेनहून ग्राहक येणार आहेत. एका संध्याकाळी हॉटेलात वर्धापनदिनाचा समारंभ आहे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या घरी तांबडा-पांढरा रश्श्याचे जेवण आहे. मी थोडी स्पॅनिश शिकलो आहे. पहिल्याला ‘फॉर्माल’ आणि दुसऱ्याला ‘इन्फॉर्माल’ म्हटले तर पुरेसे होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही विशेषणे कार्यक्रमासाठी चालतात, परंतु त्यांनी पाहुण्याची खरी अडचण सुटत नाही, कारण त्याला काय घालून यायचे हे जाणून घ्यायचे असते. म्हणून पोशाख सांगणे मला अधिक आपुलकीचे आणि नेमके वाटते. पुरुषांसाठी ‘त्राखे ओस्कूरो’, म्हणजे गडद रंगाचा सूट, एवढे लिहिले की समारंभाची पातळी स्पष्ट होते.

मात्र आमंत्रणपत्रिका भारदस्त दिसावी म्हणून ‘दे एतिकेता’ किंवा ‘दे रिगुरोसा एतिकेता’ हे शब्द त्यावर घालू नका. स्पेनमध्ये हा शब्दप्रयोग केवळ ‘नीटनेटके या’ असे सुचवत नाही. तो वाचून पाहुणा संध्याकाळच्या ‘एस्मोकिन’चा, म्हणजे काळ्या बो-टायसह घालायच्या खास सूटचा विचार करील, आणि तो प्रवासाच्या बॅगेत नसल्यास बिचारा संकोचून जाईल. दिवसाच्या थाटाच्या समारंभाला, विशेषतः लग्नात, तिकडे मागे लांब शेपटी असलेला ‘चाके’ नावाचा कोट घालतात. उद्या मेक्सिकोचे ग्राहक आले, तर हेही ध्यानात ठेवावे की तेथील उष्ण किनारपट्टीवरच्या लग्नांत ‘गुआयाबेरा’ हा शर्टच प्रतिष्ठित पोशाख मानला जातो.

घरच्या जेवणासाठी ‘एस आल्गो सेन्सियो, एन फामिलिया’, म्हणजे ‘साधेच आहे, घरच्यांसोबत’, असे म्हणा, आणि पुढे ‘नो आसे फाल्ता आरेग्लार्से’, म्हणजे ‘नटूनथटून येण्याची गरज नाही’, हे जोडा. जेवण दुपारचे असल्याने त्याला ‘कोमिदा’ म्हणावे. ‘सेना’ हा शब्द रात्रीच्या जेवणासाठी राखलेला आहे आणि स्पेनमधली रात्रीची जेवणे बहुधा नऊच्या सुमारास सुरू होत असल्याने तुमच्या आमंत्रणात वेळ स्पष्ट लिहिणे हिताचे. ‘एस’ आणि ‘एस्ता’ या दोन्हींचा अर्थ ‘आहे’ असा होतो, पण कार्यक्रम कोठे आहे हे सांगतानाही ‘एस’ वापरावे, ‘एस्ता’ नव्हे : ‘ला कोमिदा एस एन मि कासा’, म्हणजे ‘जेवण माझ्या घरी आहे’. आपल्याकडचे विद्यार्थी येथे हमखास अडखळतात.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळा. ‘इन्फॉर्माल’ हे विशेषण कार्यक्रमाला लावा, पाहुण्याला कधीही लावू नका, कारण माणसाबद्दल वापरले की त्याचा अर्थ दिलेला शब्द न पाळणारा, बेभरवशाचा असा होतो. याउलट ‘फॉर्माल’ माणूस म्हणजे जबाबदार आणि वचनाला जागणारा.

राहिला प्रश्न संबोधनाचा. समारंभाच्या पत्रिकेत आदरार्थी ‘उस्तेद’चे रूप ठेवावे आणि खाली ‘से रुएगा कॉन्फिर्मासियोन’, म्हणजे ‘येण्याचे कृपया कळवावे’, ही ओळ छापावी. घरच्या जेवणाचे तोंडी आमंत्रण देताना पाहुणा स्वतःहून तुम्हाला ‘तू’ म्हणू लागला असेल, तर तुम्हीही निःसंकोचपणे ‘तू’च म्हणावे.