न्यूयॉर्कच्या शाळांचं डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे

प्रश्न : माझी लेक न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहते, नात सप्टेंबरात केजीत जाईल. फोनवर लेक सारखी 'आमचं डिस्ट्रिक्ट २६, झोनची शाळा पी.एस. अमुक' असं सांगते आणि मी नुसतं हो हो म्हणते. एका शहरात २६ जिल्हे कसे काय? आणि शाळेला नाव सोडून नंबर का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, २६ नाही, चांगले ३२ आहेत! पण हा जिल्हा म्हणजे कलेक्टर-तहसीलदारवाला नव्हे, शाळांच्या कारभारासाठी शहराचे पाडलेले तुकडे आहेत नुसते. शहराचे पाच मोठे भाग, त्यांतलं मॅनहॅटन १ ते ६, ब्रॉन्क्स ७ ते १२, ब्रुकलिन १३ ते २३ आणि वर ३२, क्वीन्स २४ ते ३०, आणि स्टॅटन आयलंड अख्खं एकच, ३१ नंबर. नंबराचं म्हणाल तर आपल्याकडे नाही का मनपा शाळा क्रमांक अमुक असते, तसंच. पी.एस. म्हणजे पब्लिक स्कूल. गंमत म्हणजे पी.एस. १ मॅनहॅटनमध्ये आहे, ब्रॉन्क्समध्ये आहे आणि ब्रुकलिनमध्येही आहे, कारण १८९८ पर्यंत ब्रुकलिन हे वेगळं शहरच होतं आणि एकत्र झाल्यावरही प्रत्येक भागाचे नंबर वेगळेच राहिले. म्हणून शाळेच्या कोडमध्ये एक अक्षर घालतात, क्वीन्सला क्यू, ब्रुकलिनला मात्र के, कारण काउंटी (तिकडचा खरा जिल्हा) म्हणून त्याचं नाव किंग्ज. ब्रॉन्क्सला एक्स.

आता हे सगळं आलं कुठून. सुरुवातीला सार्वजनिक पैसा पब्लिक स्कूल सोसायटी नावाच्या खाजगी संस्थेकडे जायचा, तिच्या शाळांत प्रॉटेस्टंट बायबल वाचून घ्यायचे, त्यावर कॅथलिक लोक भडकले, बिशप जॉन ह्यूज त्यात पुढे, आणि त्या भांडणातून १८४२ ला कायदा होऊन निवडून आलेलं बोर्ड ऑफ एज्युकेशन आलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रश्न एकच, शाळा कुणाच्या ताब्यात? अजूनही तोच चालू आहे बघा.

मधली वर्षं सोडून देते, खरी कहाणी १९६८ ची. तोपर्यंत सगळं एका मध्यवर्ती बोर्डाकडून चालायचं आणि काळ्या, पोर्तो रिकन वस्त्यांतल्या पालकांचं म्हणणं होतं की आमच्या मुलांच्या शाळांचं आम्हाला कुणी विचारतच नाही. त्याआधी १९६४ ला काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून ४ लाखांहून जास्त मुलं एक दिवस शाळेत गेलीच नव्हती, तरी फरक शून्य. मग प्रयोग म्हणून ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात स्थानिक बोर्डाला शाळा चालवायला दिल्या, त्या बोर्डाने १९ शिक्षक आणि अधिकाऱ्यांना 'इथून बदली घ्या' सांगितलं, त्यातले बरेच ज्यू, आणि अल्बर्ट शँकर यांची शिक्षक युनियन संपावर गेली. शाळेचे ३६ दिवस बुडाले, साधारण १० लाख मुलं घरी! वस्तीतले काळे लोक आणि ज्यू शिक्षक यांच्यात जी कटुता आली ती पुढे कित्येक वर्षं गेली नाही. मला विचाराल तर चूक एकाच बाजूची नव्हती, पण कुणाला किती अधिकार हे आधी धड न ठरवता प्रयोग सुरू केला की असंच होतं.

त्याचा परिणाम म्हणून १९६९ चा कायदा, आणि तुमच्या लेकीचं डिस्ट्रिक्ट त्याचंच पिल्लू. प्रत्येक डिस्ट्रिक्टला निवडून आलेलं ९ जणांचं बोर्ड, प्राथमिक आणि मिडल स्कूल त्यांच्याकडे, हायस्कूल मात्र मध्यवर्ती. या निवडणुकीत नागरिक नसलेल्या पालकांनाही मत होतं, हे मला फार आवडतं. पण मतदानाला येणार कोण, अगदी थोडी माणसं यायची, मग काही ठिकाणी वशिल्याच्या भरत्या वगैरे सुरू झालं. १९९६ ला बोर्डांचे बरेच अधिकार काढून घेतले आणि २००२ ला ब्लूमबर्ग महापौर असताना सगळं महापौरांच्या हातात गेलं. तेव्हापासून चान्सलर, म्हणजे शहराच्या सगळ्या शाळांचे प्रमुख, महापौरच नेमतात, प्रत्येक डिस्ट्रिक्टला एक सुपरिंटेंडंट असतो आणि पालकांचं कौन्सिल असतं, त्यांची ताकद मुख्यतः झोनच्या सीमा मंजूर करण्याची. ती कमी समजू नका हं, घराचा पत्ता रस्त्याच्या या बाजूला की त्या बाजूला यावर शाळा ठरते. आणि महापौरांचा हा ताबाही कायमचा नाही, राज्याच्या विधिमंडळाने दर काही वर्षांनी मुदत वाढवावी लागते. २००९ ला ती वेळेत वाढली नाही तर जुनं मध्यवर्ती बोर्ड परत जिवंत करावं लागलं होतं!

प्रश्न २ : जावई म्हणतात पुढे लाँग आयलंडला घर घेऊ. तिथेही असंच का?

उत्तर : नाही, तिथे, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर, डिस्ट्रिक्ट हे खरंच स्वतंत्र असतं. स्वतःचं निवडलेलं बोर्ड, स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स, आणि मे महिन्यात लोक शाळांच्या बजेटवर चक्क मतदान करतात. न्यूयॉर्क शहरात शाळांचा पैसा शहराच्या बजेटमधून येतो, वेगळं मतदान नाही. त्यामुळे घर बघताना जावयांना म्हणावं डिस्ट्रिक्टचा टॅक्स आधी बघा. नातीला दिवाळीची सुट्टी मात्र शहरात २०२४ पासून मिळते, तिकडे प्रत्येक डिस्ट्रिक्टचं कॅलेंडर वेगळं, ते विचारून घ्यायला सांगा.