बला आणि अतिबला एकच का? दोन्हींची फुलं तर पिवळीच

कुंपणाशी उगवलेलं पिवळ्या फुलांचं झुडूप बला की अतिबला, आणि एकीच्या जागी दुसरी चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

फूल सोडा, फळ बघा. फुलावर विसंबून मी स्वतः तोंडघशी पडलोय. कॉलेजात असताना हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या कागदावर ऐटीत ‘सिडा कॉर्डिफोलिया’, म्हणजे बलेचं शास्त्रीय नाव, लिहून नेलं. सरांनी त्यातलं एक वाळकं फळ तळहातावर चुरडलं, भिंगातून पाहिलं आणि काही न बोलता नाव खोडलं. ती निघाली सिडा अक्युटा, बलेचीच एक बहीण.

तुम्हीही तेच करा. बलेचं, म्हणजे आपल्या चिकण्याचं फळ हरभऱ्याहून लहान असतं, निदलात, म्हणजे फुलाच्या बुडाच्या हिरव्या वेष्टनात दडलेलं. चोळलं की साधारण दहा फाका सुट्या होतात, एकेकीत एकच बी. प्रत्येक फाकेच्या डोक्यावर दोन लांब शिंगं, आणि त्यांवरचे केस खालच्या दिशेनं वळलेले. विजारीला चिकटून घरी येतात ती हीच. अक्युटाची शिंगं आखूड, फाकाही कमी. शिवाय बलेचं पान हृदयाच्या आकाराचं आणि मखमली, तर अक्युटाचं भाल्याच्या पात्यासारखं निमुळतं.

अतिबलेचं फळ एकदा पाहिलं की विसरत नाही. पंधरा-वीस फाका चाकासारख्या गोल मांडलेल्या, वाळल्यावर काळपट, एका फाकेत दोन-तीन बिया. शाईत बुडवून ठसा उमटवावा असं ते दिसतं, म्हणून तर मुद्रा हे नाव. पेटारीही तीच. तिची फुलं दुपार कलल्यावर उमलतात. चिकण्याची तोवर उमलून मिटलेलीही असतात.

तुमचा गोंधळ तसा मोठ्या घरचा आहे. लिनिअसनं 1756 मध्ये अतिबलेलाही ‘सिडा’च म्हटलं होतं, पुढे तिची रवानगी अब्युटिलॉन या प्रजातीत झाली. दोघी भेंडीच्या कुळातल्या, म्हणजे कापूस, अंबाडी, जास्वंद ही सगळी भावकी. जास्वंदीसारखी पुंकेसरांची नळी यांच्याही फुलात दिसेल, फक्त अगदी बारकी. पान चुरडलं तर भेंडीसारखा बुळबुळीतपणाही बोटांना लागतो. मात्र जास्वंदीच्या निदलाखाली हिरव्या छदांचं, म्हणजे बारीक पानांसारख्या भागांचं, जे आणखी एक कडं असतं, ते या दोघींना नसतं.

आयुर्वेदात बला, अतिबला, महाबला, नागबला असं बलाचतुष्टय आहे. त्यातली महाबला म्हणजे सहसा सिडा ऱ्हॉम्बिफोलिया. ग्रंथांत तिला सहदेवीही म्हटलंय, आणि इथे आणखी घोळ, कारण आज सहदेवी म्हणून दाखवतात ती जांभळ्या फुलांची, सूर्यफुलाच्या कुळातली वेगळीच वनस्पती. केरळात बला म्हणून वापरतात ती कुरुंतोट्टीसुद्धा बहुतेक वेळा कॉर्डिफोलिया नसते, ऱ्हॉम्बिफोलियाच्या जवळची असते. म्हणजे ‘बलामूळ’ असं लिहिलेल्या पुडीत कोणती जात आहे, हे नावावरून ठरत नाही.

म्हणून एकीच्या जागी दुसरी घरच्या घरी वापरू नका. सिडा कॉर्डिफोलियात इफेड्रीन सापडलेलं आहे. त्यानं नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. इफेड्रीनवर्गीय अल्कलॉइड असलेल्या आहारपूरकांवर अमेरिकेनं 2004 मध्ये बंदी घातली, तीही याच धोक्यांमुळे. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, तर वैद्यांना ती आधी सांगा आणि झुडपाचं मूळ उकळून पिण्याचा प्रयोग टाळा. बाहेरून लावायचं क्षीरबला तेल ही निराळी गोष्ट.

फोटो टाकणार असाल तर फुलाचा नको. पिकलेल्या फळाचा जवळून एक आणि पानाच्या देठाकडच्या बाजूचा एक टाका, जात सांगतो.