नागपूरच्या सीताबर्डीत मेटाचा (फेसबुकच्या मालक कंपनीचा) आयात केलेला क्वेस्ट ३ हा व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारा, हेडसेट मिळतोय. आता घ्यावा, की स्पर्धा वाढून व्हीआर हेडसेट स्वस्त होईपर्यंत थांबावं?

फक्त स्वस्ताईसाठी थांबू नका. ती येऊन गेली आहे. २०२३ मध्ये क्वेस्ट ३ अमेरिकेत ४९९ डॉलरला आला आणि पुढच्याच वर्षी त्याच प्रोसेसरचा क्वेस्ट ३एस २९९ डॉलरला. याहून खाली जाणं कठीण, कारण मेटा हा धंदा तोट्यात चालवते: हेडसेट आणि स्मार्ट चष्मे बनवणाऱ्या तिच्या विभागाचा २०२४ चा तोटा सुमारे १७.७ अब्ज डॉलर होता. तोट्याचा हा आकडा कंपनीच्याच आर्थिक निकालांतला आहे. उरलेल्यांपैकी बडे स्पर्धक महागड्या टोकाला आहेत. ॲपलचं व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरला आलं, सॅमसंगचं गॅलेक्सी एक्सआर १,७९९ ला. खरी चुरस होईल ती अँड्रॉइड एक्सआर या गूगलच्या हेडसेटसाठीच्या प्रणालीवर इतर कंपन्यांनी मध्यम किमतीचे हेडसेट काढले तर, आणि माझ्या मते लोकांचा ओढा तोवर हलक्या चष्म्यांकडे वळलेला असेल.

मात्र आयात केलेल्या मालाला कंपनीची वॉरंटी इथे लागू होते का, ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. नसेल तर घेऊ नका. आणि आपल्या नागपूरच्या उन्हात हेडसेट खिडकीशी किंवा गाडीत अजिबात ठेवू नका. भिंगांतून ऊन एकवटून स्क्रीन कायमची जळते.