लॉजिक पझलमध्ये मध्येच अडकल्यावर अंदाजाने पुढे जावं का?

तुम्ही विचारलंय, सगळ्या सूचना वाचून झाल्या, कोष्टक अर्धं भरलं आणि पुढे काही सुचेना, तर एखादं उत्तर धरून चालावं का? मी म्हणेन, नका चालू. कोडं नीट रचलेलं असेल तर पुढची पायरी कोष्टकातच असते, आणि बहुतेक वेळा ती फुल्यांमध्ये, म्हणजे 'हे शक्य नाही' म्हणून खोडलेल्या घरांमध्ये सापडते.

मी हर्णैत मुलांची स्कॉलरशिपची तयारी करून घेते. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, मुलं दुपारभर पडवीत. त्यांच्यासाठी रचलेलं एक कोडं देते.

आजी, तिच्या दोन सुना म्हणजे आई आणि काकू, आणि माहेरी आलेली लेक, आत्या. चौघींनी बंदरावरून एकेक प्रकारचं म्हावरं आणलं: बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी. कुणाचंच सारखं नाही. सूचना तीनच. आजीने पापलेट आणलं नाही, कोळंबीही नाही. आईनेही ही दोन आणली नाहीत. सुरमई आणि पापलेट आणणाऱ्या दोघी एकमेकींच्या नणंद-भावजय.

कोष्टकात चौघींच्या चार ओळी, म्हावऱ्याचे चार रकाने. पहिल्या दोन सूचनांनी चार फुल्या पडतात, पण बरोबरची खूण एकही होत नाही. इथेच मुलांना घाई होते. "बाई, आजीला बांगडा देऊ या?" उत्तर बरोबर आहे, पण का, ते सांगता येत नाही. यंदा आठवीतल्या एका मुलीने आजीच्या आणि आईच्या ओळींवर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "बांगडा नि सुरमई या दोघींतच फिरणार. काकूला नि आत्याला ती मिळायचीच नाहीत." आणि तिने आणखी चार फुल्या मारल्या. त्या चार फुल्या कुठल्याच सूचनेत लिहिलेल्या नव्हत्या! सुडोकूत एका ओळीतल्या दोन घरांत फक्त ३ आणि ७ उरले, की त्या ओळीत इतरत्र ३ आणि ७ खोडतो, तेच हे.

आता तिसरी सूचना उघडते. आई आणि काकू जावा, आजी त्यांची सासू. म्हणजे नणंद-भावजयीच्या जोडीत आत्या हवीच. तिच्या सुरमईवर फुली आहे, म्हणून तिचं पापलेट. सुरमई भावजयीकडे, काकूची खोडलेली, म्हणून आईची. आजीला बांगडा, काकूला कोळंबी.

पाच घरांचं प्रसिद्ध कोडं आठवा, १९६२ साली लाइफ इंटरनॅशनल मासिकात आलेलं. पाणी कोण पितं आणि झेब्रा कुणाचा, असा प्रश्न आहे, आणि दिलेल्या १५ विधानांत पाणीही नाही, झेब्राही नाही. बाकी सगळं खोडल्यावरच ते उरतात. मला ते फार सुंदर वाटतं.

तेव्हा अडकलात तर आधी प्रत्येक ओळीत आणि रकान्यात किती घरं उरलीत ते मोजा, मग पहिल्या सूचनेपासून पुन्हा वाचा. नवी फुली पडली की जुन्या सूचनेचा अर्थ वाढतो.

तरीही काही धरून पाहायचंच असेल, तर ते वेगळ्या कागदावर, खोटं ठरवण्यासाठी धरा. विसंगती आली तर एक पक्की फुली मिळाली. नाही आली तर काहीच सिद्ध झालं नाही. तो कागद बाजूला ठेवून मूळ कोष्टकाकडे परत या.