वही काढून घेण्याआधी ती वाचावी

प्रश्न : बडोद्यात दांडिया बाजार परिसरात आमचे लहानसे मराठी वाचनालय आहे. गेल्या वर्षी आम्ही पुस्तकांच्या देवघेवीसाठी संगणकप्रणाली करून घेतली. ती चालते, परंतु ग्रंथपालबाई आजही प्रत्येक नोंद आधी जुन्या वहीत करतात आणि वाचनालय बंद करण्यापूर्वी ती संगणकात भरतात. प्रणाली करणाऱ्यांचे म्हणणे असे, की बाईंना आणखी प्रशिक्षण द्यावे आणि वही बंद करावी. कार्यकारिणीत यावर दोन मते आहेत. आम्ही काय करावे?
— कार्यवाह, एक मराठी वाचनालय, बडोदे

उत्तर : वही तूर्त बंद करू नये. ज्या अर्थी बाई दुप्पट काम पत्करूनही वही सोडत नाहीत, त्या अर्थी प्रणालीत ज्याला जागाच नाही असे काहीतरी त्या वहीत लिहिले जात असावे. प्रशिक्षणाने कोणते बटण कोठे आहे ते कळते. नसलेला रकाना त्याने तयार होत नाही.

तेव्हा वहीची गेल्या वर्षाची पाने समोर ठेवून बाई, प्रणाली लिहिणारी व्यक्ती आणि आपण एकत्र बसावे, आणि समासात केलेल्या प्रत्येक खुणेचा अर्थ बाईंकडून समजून घ्यावा. पुस्तक एकाच्या नावावर असते आणि न्यायला शेजारचा मुलगा येतो; एका घरातील दोन सभासद एकमेकांची पुस्तके परत करतात; वयस्कर सभासदाने कोणत्या कादंबऱ्या वाचल्या आहेत, हे त्यांना स्वतःला आठवत नसले तरी बाईंनी टिपून ठेवलेले असते; दिवाळी अंकांची मुदत पुस्तकांहून कमी असते आणि त्यांसाठी नंबर लावावे लागतात. अशा वाचनालयाचा खरा व्यवहार या तपशिलांतच असतो, आणि ‘सभासद, पुस्तक, तारीख’ एवढ्या तीन रकान्यांवर बेतलेल्या प्रणालीतून नेमका तोच गळतो.

यानंतर प्रणाली लिहिणाऱ्याने गर्दीच्या वेळी देवघेवीच्या टेबलाशी बसून नुसते पाहावे. केवळ विचारून भागत नाही, कारण वर्षानुवर्षे केलेले काम हातांना ठाऊक असते आणि सांगताना त्यातले बरेच सुटून जाते.

संगणकात मराठीतून पुस्तके शोधण्याची चाचणी मात्र आवर्जून घ्यावी, कारण बाईंचा अविश्वास तेथूनही सुरू झाला असू शकतो. संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने साठवता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) अशा दोन संकेतांकांनीही. ‘दऱ्या’सारख्या शब्दातील जोडाक्षर तर अदृश्य जोडचिन्ह वापरून आणखी एका रीतीने टंकित होते. पडद्यावर सारे सारखेच दिसते, परंतु शोधापूर्वी ही रूपे एकसारखी करून घेतली नसतील, तर समोरच्या कपाटात असलेले पुस्तक संगणकाला सापडत नाही. क्रमाचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो; त्यामुळे संकेतांकांच्या क्रमाने लावलेल्या यादीत मराठी वाचक चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो. हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत आणि त्यांचा बोजा बाईंवर टाकणे अन्यायाचे आहे.

दुरुस्त्या ठरल्या, की त्या थेट संगणकावर करू नयेत. 1981 साली सुरू झालेल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात स्कॅन्डिनेव्हियातील छपाई कामगारांच्या संघटना आणि संगणकतज्ज्ञ यांनी वृत्तपत्राच्या पानमांडणीची साधने मिळून घडवली, तेव्हा लाकूड, पुठ्ठा आणि कागद यांची प्रतिरूपे करून कामगारांनी त्यांवर आपले काम करून पाहिले होते. आपल्याकडे चार कोऱ्या कागदांवर पडद्याची आखणी करून बाईंना खरीखुरी देवघेव करायला सांगितली, तरी कोठे हात अडतो ते दिसेल, आणि कागद फाडून नवा आखायला पैसे पडत नाहीत.

कार्यकारिणीतील मतभेदाबाबत आपल्याच शहराचे उदाहरण देतो. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. त्यांनी परदेशी वर्गीकरण जसेच्या तसे येथे लादले नाही, तर दोन प्रचलित पद्धतींच्या आधारे बडोद्यासाठी स्वतंत्र पद्धत बसवली. आणि खेड्यांतील वाचकांसाठी पुस्तकांच्या पेट्या गावोगावी जाऊ लागल्या. ज्या शहरात हे घडले, तेथील वाचनालयाने बाईंना प्रणालीच्या मापात बसवण्याचा आग्रह धरू नये, असे मला मनापासून वाटते.

पर्याय म्हणून ‘कोहा’ ही विनामूल्य, मुक्त स्रोत (जिची मूळ संहिता कोणालाही पाहता आणि बदलता येते अशी) ग्रंथालय-प्रणाली पाहता येईल. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण भागातील ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि 2000 च्या आरंभी वापरात आली. तथापि वरील तपासणी झाल्याशिवाय प्रणाली बदलू नये. नाहीतर तीच वही नव्या संगणकाशेजारी येऊन बसेल.

सध्याची प्रणाली करणाऱ्यांशी पुढील करार करताना दुरुस्त्यांची यादी बाईंच्या सहीने द्यावी, काम पूर्ण झाले की नाही हे त्यांनीच ठरवावे, आणि सर्व नोंदी कोणत्याही वेळी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढून मिळतील अशी अट त्यात लेखी घालावी.