वाचकांचे प्रश्न : रेंजफाइंडरचं मीटर बिघडलंय, की आणखी काही?

प्रश्न : नवा कोरा लायका एम डिजिटल रेंजफाइंडर (लेन्समधून नव्हे, तर वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस जुळवायचा कॅमेरा) आणि ३५ मिमी लेन्स घेतली. शटरची चकती ‘ए’वर (शटरचा वेग कॅमेराच ठरवतो) ठेवून उन्हात काढलेले फोटो साधारण दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) काळे येतात, घरात मात्र बरे येतात. एकाच जागी उभं राहून लागोपाठ काढलेले दोन फोटोही कधी कधी वेगळे येतात. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) एफ/४ असताना फोटोच्या माहितीत एफ/९.५ अशी नोंद दिसते. दुकानदार म्हणतो, मीटर (उजेड मोजणारी यंत्रणा) ठीक आहे. खरं काय ते घरच्या घरी कसं ओळखायचं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ती एफ/९.५ची भानगड मिटवू, कारण तिचा मीटरशी संबंध नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या एम माउंटवर (लेन्स बसवायच्या कड्यावर) लागणाऱ्या लेन्सला विजेचे संपर्कबिंदू नसतात, त्यामुळे तुम्ही कोणतं ॲपर्चर ठेवलंय ते कॅमेऱ्याला कळतच नाही. कॅमेऱ्याच्या अंगावर पुढच्या बाजूला एक छोटी खिडकी असते. तिच्यावर पडणारा उजेड आणि लेन्समधून आत आलेला उजेड यांची तुलना करून कॅमेरा ॲपर्चरचा अंदाज बांधतो आणि तोच फोटोच्या माहितीत लिहितो. खिडकीवर बोट आलं, हूडची सावली पडली किंवा लेन्सवर फिल्टर असला, की अंदाज चुकतो. एक्स्पोजरवर (फोटोला मिळणाऱ्या उजेडावर) त्याचा परिणाम होत नाही.

आता मूळ तक्रार. लायकाच्या एम-८पासून एम-१०पर्यंतच्या कॅमेऱ्यांत, व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) पाहून फोटो काढताना, लेन्समधून आलेला उजेड बंद शटरच्या पात्यांवर पडतो. पात्यांवर करडा रंग दिलेला असतो. तिथून परतलेला उजेड माउंटच्या आतला फोटोसेल मोजतो. हे मोजमाप मध्यभागाला जास्त वजन देणारं असतं. चौकटीच्या मधोमध उजळ आकाश किंवा चुना दिलेली भिंत आली, की ते तिला करडी समजून एक्स्पोजर कमी करतं. उन्हात काळे आणि घरात बरे, या तक्रारीचा मोठा वाटा इथेच असतो. चौकटीत आकाश जास्त असेल तर कॅमेरा खाली झुकवून जमिनीवर वाचन घ्या, शटरचं बटण अर्धं दाबून धरा आणि मग चौकट जुळवा.

लागोपाठच्या दोन फोटोंतला फरकही बहुधा या अर्ध्या दाबातूनच येतो. ‘ए’वर बटण अर्धं दाबून धरलं की ते वाचन गोठतं. कॅमेरा आधी आकाशाकडे रोखलेला असताना बोट बटणावर टेकलं, तर तेच वाचन पुढच्या फोटोला लागतं. व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यांत वरच्या बाजूला ठिपका दिसला, तर वाचन धरून ठेवलंय असं समजा. खालचा ठिपका लुकलुकत असेल, तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (एक्स्पोजर मुद्दाम कमी-जास्त करायची सोय) चालू आहे. एम-१०मध्ये हे काम अंगठ्याच्या चाकाला नेमून देता येतं, आणि ते चाक पिशवीतून काढता-घालताना सहज फिरतं. फोटो नेमके एक किंवा दीड स्टॉप काळे येत असतील, तर सगळ्यात आधी हे पाहा. लेन्सवर विनाकारण संशय घेऊ नका. मोजमाप प्रत्यक्ष ठेवलेल्या ॲपर्चरमधूनच होतं, त्यामुळे पाती थोडी अडकली असली तरी मीटरला तोच उजेड दिसतो आणि ‘ए’वरचा फोटो बरोबरच येतो.

हे सगळं पाहूनही शंका उरली, तर खरी परीक्षा घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, कॉम्पेन्सेशन शून्यावर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००वर पक्का, ‘ऑटो’ नको. सावलीतली एकसारखी, साधी भिंत चौकटभर घ्या आणि फोकस अनंतावर ठेवा. भिंत धूसर दिसली तरी चालेल. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा शटरचा आकडा लिहून घ्या. मग कॅमेरा न हलवता लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं दृश्य) सुरू करा, मोजमाप मध्यभागी वजनाच्या पद्धतीवर ठेवा (मल्टी-फील्डवर, म्हणजे सगळ्या चौकटीच्या मोजमापावर, नको) आणि तो आकडाही लिहा. लाइव्ह व्ह्यूत मोजमाप सेन्सर करतो, फोटोसेल नव्हे. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर मीटर निर्दोष आहे. दोष सेटिंगमध्ये किंवा दृश्यात शोधा. अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल, तर पाती ते फोटोसेल या वाटेत दोष आहे, आणि दुकानदाराला ऐकवायला तुमच्याकडे पुरावा आहे. हे करताना आयपीस झाकायची गरज नाही. ती काळजी एसएलआरवाल्यांची, म्हणजे लेन्समधूनच दृश्य दाखवणारे कॅमेरे वापरणाऱ्यांची. इथे आयपीसमधून शिरलेला उजेड शटरपर्यंत पोचत नाही.

त्याच भिंतीवर ॲपर्चर एकेक स्टॉप बदलून पाहा. एफ/४ला १/५०० आलं असेल तर एफ/५.६ला १/२५०, एफ/८ला १/१२५ आणि एफ/११ला १/६० यायला हवं. एफ/२ किंवा त्याहून मोठ्या ॲपर्चरला किंचित फरक पडला तर सोडून द्या. लेन्सच्या कडा तिथे काळवंडतात. मधलाच एखादा टप्पा चुकत असेल, तर लेन्स बदलून पुन्हा बघा.

खरा आकडा किती असायला हवा, हे कळायला १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड (तेवढा उजेड परतवणारं करडं कार्ड) घ्या. निरभ्र आकाश, सकाळी १० ते दुपारी ३ची वेळ, कार्डवर थेट ऊन, पण चकाकी येणार नाही असं थोडं तिरकं. आयएसओ २००, एफ/८ला आकडा १/१०००च्या आसपास यावा. कार्डचा जेपीईजी फोटो उघडला, तर त्याचा रंग ०–२५५च्या मापात साधारण ११८ भरतो. तिसरा हिस्सा स्टॉप इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. सगळीकडे सारखाच एक स्टॉप फरक असेल, तर मीटरची जुळणी चुकली आहे. उन्हात ठीक आणि अंधुक उजेडात फरक वाढत जात असेल, किंवा आकडा आपोआप उड्या मारत असेल, तर फोटोसेल किंवा त्याची जोडणी संशयास्पद आहे.

माउंटमध्ये धूळ दिसली तर कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि रबरी ब्लोअरने लांबून हवा मारा. पात्यांना बोट, कापूस, स्पिरिट काहीही लावू नका. दाबलेल्या हवेचा डबाही नको. पातळ पाती वाकतात आणि करडा रंग खराब झाला की मीटर खरोखरच चुकायला लागतं. वॉरंटीत आहे तोवर कॅमेरा गल्लीतल्या कारागिराकडे उघडू नका. सेवा केंद्राला देताना दोन्ही आकड्यांची नोंद, ग्रे कार्डची मूळ डीएनजी (प्रक्रिया न केलेली) फाइल आणि फर्मवेअरचा (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरचा) क्रमांक सोबत द्या. नुसतं ‘फोटो काळे येतात’ असं लिहिलं, तर कॅमेरा ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यानिशी परत येतो.

प्रश्न : वडिलांच्या वेळची २१ मिमीची सुपर-अँग्युलॉन ही रुंद कोनाची लेन्स लावली की मीटर काहीतरीच दाखवतं. बाकी लेन्स ठीक चालतात. — एक वाचक, पुणे

उत्तर : कॅमेरा आणि लेन्स, दोन्ही धडधाकट आहेत. या लेन्सचा मागचा भाग शटरच्या इतका जवळ जातो, की पात्यांवरून परतणारा उजेड फोटोसेलपर्यंत पोचत नाही. २१ मिमी सुपर-अँग्युलॉनच्या एफ/४ आणि एफ/३.४ या दोन्ही आवृत्त्यांना आणि २३१४९२१च्या आधीच्या क्रमांकांच्या २८ मिमी एलमारिट लेन्सला ही अडचण येते. लाइव्ह व्ह्यू असेल तर त्यात मोजा, नाहीतर हातातलं मीटर वापरा. भर उन्हात एफ/१६ला शटर १/आयएसओ (आयएसओ २०० असेल तर १/२०० सेकंद), हा जुना हिशेबही पुरतो.

प्रश्न : संध्याकाळी व्ह्यूफाइंडरमधला डावा त्रिकोण नुसता लुकलुकतो, आणि एकदा तर काहीच पेटलं नाही. — एक वाचक, पणजी

उत्तर : डावा त्रिकोण लुकलुकतो म्हणजे उजेड मीटरच्या आवाक्याखाली गेला. पण आधी लेन्सची टोपी काढली आहे ना, ते बघा. रेंजफाइंडरमध्ये टोपी असतानाही दृश्य स्वच्छच दिसतं. काहीच पेटत नसेल तर शटरची चकती ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) सरकली असेल, तिथे मीटर बंद असतं. तसं नसेल तर बटण अर्धं दाबून मीटर जागं करा आणि बॅटरी भरलेली आहे ना ते पाहा.

प्रश्न : एम-११ची लेन्स काढली की शटर उघडंच दिसतं आणि सेन्सर समोर येतो. शिवाय फोटो काळपट येतात. शटर गेलं का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. २०२२च्या या कॅमेऱ्यात मोजमाप कायम सेन्सरवरून होतं, म्हणून चालू असताना शटर उघडंच राहतं. लेन्स बदलण्याआधी कॅमेरा बंद करा, म्हणजे शटर मिटतं आणि धूळ थेट सेन्सरवर पडत नाही. काळपटपणासाठी मेनूतली मोजमापाची पद्धत पाहा. ‘हायलाइट’ला वजन देणारी पद्धत निवडलेली असेल, तर उजळ भाग उडू नये म्हणून कॅमेरा मुद्दाम कमी एक्स्पोजर देतो. पांढऱ्या पागोट्यांच्या दिंडीसाठी ती कामाची आहे. एरवी मल्टी-फील्डवर या.