मागाच्या खटखटाटात टिकलेली गाणी

तुमचा प्रश्न असा आहे, की गेल्या तीन-चार वर्षांतली पॉवर पॉप आणि इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र बँडची) गाणी ऐकायचीत, याद्या वाचून डोकं गरगरलंय, तर नेमकं कुठून सुरू करावं? यादी मीही देणार आहे, पण आधी माझी चाळणी सांगतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि शिवी द्यायची झाली तर दोन्ही भाषा. घराच्या पुढच्या बाजूला टॉवेल विणायचे चार यंत्रमाग होते. मागच्या खोलीत मी इअरफोन घालून अभ्यास करायचो, म्हणजे गाणी ऐकायचो. माग चालू असले की गाण्यातला बेस नाहीसा होतो, ड्रम मागातच मिसळून जातो आणि कुजबुजत गाणारा गायक तर पार मरतो. उरतं काय, तर चाल आणि वरच्या पट्टीत खणखणणारी गिटार. लाइट गेली की माग थांबायचे आणि मग कळायचं, अरे, या गाण्यात बाकीही बरंच काही आहे! जी गाणी दोन्ही वेळेला चांगली वाटायची, ती मी वहीत लिहून ठेवायचो. त्यातली बहुतेक एकाच घराण्यातली आहेत हे फार उशिरा समजलं.

त्या घराण्याला पॉवर पॉप हे नाव दिलं 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडनं, 1967 मध्ये. बीटल्ससारखी गोड चाल, दोन-तीन जणांनी मिळून गायलेल्या ओळी, त्याखाली जोरकस गिटार, आणि तीन-साडेतीन मिनिटांत गाणं खलास. शब्द बहुतेक वेळा रडवे असतात, चाल मात्र उड्या मारत असते. मूळ पुरुष म्हणून अमेरिकेतल्या मेम्फिसच्या 'बिग स्टार' या बँडचं नाव घेतात. त्यांनी 1972 मध्ये पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड', आणि वितरण इतकं गडबडलं की तो दुकानांपर्यंत धड पोचलाच नाही. माल चांगला, पेठेत गेला नाही. हे दुःख सोलापूरकराला समजावून सांगायला नको. इतिहास एवढा पुरे.

आता नवीन. एकच अल्बम ऐकणार असाल तर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या 'द बेथ्स' या बँडचा ऐका. खरं तर दोन ऐका. 2022 चा 'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड' आणि ऑगस्ट 2025 मध्ये आलेला 'स्ट्रेट लाइन वॉज अ लाय'. गाणी एलिझाबेथ स्टोक्स लिहिते. हे लोक जॅझ शिकलेले, पण शिक्षण मिरवत नाहीत. ते दिसतं फक्त मागून येणाऱ्या आवाजांच्या मांडणीत. 2022 च्या अल्बमचं शीर्षकगीत आहे तुटलेल्या नात्याबद्दल. एका माणसाच्या सगळ्या सवयी, सगळ्या खोडी तुम्हाला पाठ, आणि तो माणूसच आता आयुष्यात नाही. मग त्या ज्ञानाचं करायचं काय? म्हणून ते नाव, मरत चाललेल्या विषयातला तज्ज्ञ.

माझे वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. धोट्याचा माग नुसत्या आवाजावरून ओळखतात, कुठला बोल्ट ढिला झालाय ते दुसऱ्या खोलीतून सांगतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे माग आले, त्यांना जॉबर नको, कॉम्प्युटर कळणारा पोरगा हवा. एकदा जेवताना हे गाणं मोबाइलवर लागलं होतं. त्यांनी विचारलं, बाई काय म्हणतीय? मी नावाचा अर्थ सांगितला. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "हिच्या घरी पण माग हाय का काय?" नातं-बितं मी काही समजावलं नाही.

नवा अल्बम थोडा वेगळा आहे. मधल्या काळात स्टोक्सची तब्येत बिघडली, मनाच्या औषधांमुळे लिहिणं पूर्वीसारखं सुचेना, म्हणून ती टाइपरायटर घेऊन रोज पानंच्या पानं बडवत बसली. 'मेटल' हे गाणं शरीराकडे यंत्र म्हणून बघतं, त्यात गिटार अशी किणकिणते की ती चारच काय, आठ मागांवरूनही ऐकू आली असती. 'मदर, प्रे फॉर मी' मात्र हळू आहे, आईला उद्देशून आहे, ते रात्रीसाठी ठेवा.

दुसरे 'द लेमन ट्विग्ज'. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे ब्रायन आणि मायकेल डॅडारिओ हे दोघे भाऊ. वडील रॉनी हेही गाणी लिहिणारे, त्यामुळे घरातच तालीम. 2023 चा 'एव्हरीथिंग हार्मनी' शांत आहे. 2024 चा 'अ ड्रीम इज ऑल वी नो' जास्त उसळता. त्यातलं पहिलंच गाणं 'माय गोल्डन इयर्स' लावा, नाही आवडलं तर पुढे जाऊ नका. त्यांच्यावर आरोप असतो की हे सगळं साठच्या दशकातलं उचललेलं आहे. आहेच की. पण आमच्याकडे चादरीवरचा मोर कितीजणांनी विणला असेल? नक्षी जुनी म्हणून वीण कच्ची होत नाही. मला त्यांची अडचण दुसरीच वाटते, सलग चाळीस मिनिटं ऐकलं की गोड मिट्ट होतं. चार-चार गाणी ऐकावीत.

गोडाला उतारा म्हणून 'लिक्विड माइक'. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिशिगनमधल्या मार्केट नावाच्या बर्फाळ गावचे. गाणारा माइक मेपल पोस्टमनची नोकरी करत गाणी लिहायचा. 2024 च्या 'पॉल बनियन्स स्लिंगशॉट'मध्ये तेरा गाणी आहेत आणि सगळी मिळून साधारण पंचवीस मिनिटं. लहान गावात अडकलेपण, रटाळ काम, बिअर, आणि तरीही प्रत्येक गाण्यात गुणगुणायला एक ओळ. आमच्या सात रस्ता चौकातून घरी जाईपर्यंत अर्धा अल्बम होतो.

शिकागोचा काइ स्लेटर हा एकट्यानंच 'शार्प पिन्स' या नावानं गाणी करतो. 'रेडिओ डीडीआर' आधी 2024 मध्ये आला, मग 2025 मध्ये पुन्हा निघाला आणि सगळीकडे पोचला. घरगुती कॅसेट रेकॉर्डरवरचा खरखरीत आवाज आहे. पहिल्यांदा वाटेल इअरफोनच खराब झालाय. 'एव्हरी टाइम आय हिअर' दोनदा ऐका, मग ती खरखर हवीहवीशी वाटते.

टोरंटोच्या 'ऑलवेज'चा 'ब्लू रेव्ह' 2022 चा, म्हणजे आता तितका नवा नाही, पण सुटू नये. आधी चोरानं घरातल्या कच्च्या रेकॉर्डिंग पळवल्या, दुसऱ्या दिवशी तळघरात पाणी शिरून वाद्यं धोक्यात. दोन अल्बममध्ये पाच वर्षं गेली. 'आफ्टर द अर्थक्वेक' ऐका.

आता माझ्या चाळणीत न बसलेले, तरी चांगले. एम. जे. लेंडरमनचा 'मॅनिंग फायरवर्क्स' (2024) हा पॉवर पॉप नाहीच, गावाकडच्या अमेरिकन ढंगाचा आळसावलेला आवाज आहे, मागांपुढे अजिबात टिकला नाही. शब्द मात्र इतके तिरकस की हसू येतं. आपल्याकडचं ऐकायचं तर दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग को.'चा 'बीटा', तोही 2024 चाच. सूर्यकांत साहनीचा आवाज जुन्या हॉटेलातल्या गायकासारखा, सोबत ट्रम्पेट. हा मी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये खिडकीशी बसून ऐकला, उजनीचं पाणी दिसेपर्यंत. पुण्याचे 'ईझी वाँडरलिंग्ज'ही हलकेफुलके आणि नेटके.

ऐकायचं कुठे? यूट्यूबवर बहुतेक सगळं आहे. पण छोट्या बँडसाठी बँडकँप ही वेबसाइट बरी. तिथे फुकट ऐकता येतं आणि आवडलं तर थेट विकत घेता येतं, त्यातला मोठा वाटा बँडला जातो. गाण्यांच्या ॲपनं सुचवलेल्या याद्यांवर विसंबू नका, मला ते आठवडाभर झोपेची गाणी सुचवत होतं.

एक राहिलंच. लंडनमधला 'द टब्ज' हा बँड, मूळ मंडळी वेल्सची. अल्बम 'कॉटन क्राउन', मार्च 2025, जेमतेम अर्ध्या तासाचा. मुखपृष्ठावर गायक ओवेन विल्यम्सच्या आईचा जुना फोटो आहे, दफनभूमीत बसून तान्ह्या ओवेनला पाजताना. आई, शार्लट ग्रेग, स्वतः लोकगीतं गायची. 2014 मध्ये तिनं आयुष्य संपवलं. अल्बमभर गिटार धावत असते, आठ गाणी मागांवर आरामात निभावतात. शेवटचं 'स्ट्रेंज' हे आई गेल्यावर भेटायला आलेली माणसं कशी वागली, काय बोलली, त्याबद्दल आहे. ते तेवढं लाइट गेल्यावर ऐका.